फर्स्ट इयर एमबीबीएसला पुस्तकांच्या जोडीला काय घ्यावं: बोन सेट, ॲन्की, व्हिडिओ, थ्रीडी ॲप की टॅब्लेट?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला एमबीबीएसला प्रवेश झाला आहे. दहावीपर्यंतचं शिक्षण निफाड तालुक्यात मराठी माध्यमातून झालं. सीनियर सांगतात, व्हिडिओ लेक्चरचं काही वर्षांचं पॅकेज आत्ताच घे. रूममेटने थ्रीडी ॲनाटॉमीचं ॲप घेतलंय, कुणी टॅब्लेटशिवाय चालणारच नाही म्हणतं. घरून वीस हजार रुपये मिळणार आहेत. त्यातून काय घ्यावं?

पहिले सहा आठवडे पुस्तकं आणि किरकोळ सामान सोडून फक्त तीन गोष्टी घ्या: तिघा-चौघांत मिळून एक बोन सेट (माणसाच्या हाडांचा संच), खोलीच्या भिंतीवर दोन बाय तीन फुटांचा पांढरा बोर्ड, आणि अँड्रॉइड फोनवर फुकट मिळणारं ॲन्की, म्हणजे उजळणीच्या कार्डांचं ॲप. बाकीचे पैसे बँकेत राहू द्या. पहिल्या इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे) मार्क हातात आले की नेमकं कुठे अडतंय ते कळेल, आणि मग त्या अडचणीपुरतं साधन घेता येईल. प्रवेशाच्या आठवड्यात केलेली खरेदी बहुतेक भीतीपोटी झालेली असते, आणि ती पुढे वर्षभर वापराविना पडून राहते.

साधन निवडताना एकच गोष्ट तपासायची. ते तुमच्या डोक्यातून माहिती बाहेर काढायला लावतं, की नुसती समोर मांडतं? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र उलट झालं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. व्हिडिओ बघून उठल्यावर ‘सगळं समजलं’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांमुळे. व्हायवा (तोंडी परीक्षा) मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी असते.

आधी पाया. विभागाने सांगितलेलं पाठ्यपुस्तक, डिसेक्शन (शवविच्छेदन) मॅन्युअल आणि प्रॅक्टिकलचं जर्नल या जोडीच्या वस्तू नव्हेत, त्यांना पर्याय नाही. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री या तिन्हींचं प्रत्येकी एकच मुख्य पुस्तक ठेवा. एका विषयाची तीन पुस्तकं असली की एकही दोनदा वाचून होत नाही. लायब्ररीत पुस्तकपेढीची योजना आहे का, तुम्ही तिच्यात बसता का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

त्याबरोबर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची कॉम्पिटन्सींची, म्हणजे विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याची, यादी छापून घ्या. २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रम या यादीवर चालतो. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक आहे, ॲनाटॉमीचा ‘एएन’, फिजिओलॉजीचा ‘पीवाय’, बायोकेमिस्ट्रीचा ‘बीआय’. मुद्द्यापुढे ‘के’ किंवा ‘केएच’ असेल तर तो ज्ञानाचा, ‘एसएच’ असेल तर करून दाखवायचा. कुठलंही ॲप किंवा व्हिडिओमालिका घेण्याआधी यादीतले दहा मुद्दे काढायचे आणि ते त्यात सापडतात का बघायचं. परदेशी साधनांत इथेच गोची होते, कारण ती त्यांच्या परीक्षेसाठी बनलेली असतात. आपली लेखी परीक्षा म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, राज्यभर पेपर एकच. शंभर मार्कांच्या पेपरात एमसीक्यू जास्तीत जास्त वीस टक्के, बाकी सगळं तीन तासांत हाताने लिहायचं, आकृत्यांसकट. हिशेब केला तर एका मार्काला साधारण पावणेदोन मिनिटं मिळतात. जुने पेपर लायब्ररीत मिळतात, पण २०१९ च्या आधीच्या बॅचच्या पेपरांचा साचा वेगळा आहे. त्यांचे विषय बघा, मांडणी पाठ करू नका.

आता बोन सेट. सगळ्यात जास्त वसूल होणारी वस्तू हीच, आणि घेताना सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. वर गेलेल्या सीनियरकडून जुना सेट मिळाला तर उत्तम. पैसे देण्याआधी सेट चादरीवर मांडून बघा. कवटीत टेम्पोरल हाडाचा स्टायलॉइड प्रोसेस आणि टेरिगॉइड हॅम्युलस शाबूत आहेत का? नाजूक असल्यामुळे हे आधी तुटतात. मणक्यांत ॲटलास, ॲक्सिस आणि सातवा सर्व्हायकल वेगळे ओळखू येतात का? हाताची आणि पायाची हाडं तारेत ओवलेली आहेत का? सुटी कार्पल हाडं महिन्याभरात हरवतात. हाडावरच्या खडबडीत खुणा घासून गुळगुळीत झाल्या असतील तर स्नायू कुठे चिकटतो ते बोटाला कळत नाही, आणि मग सेट घेण्यात अर्थ राहत नाही.

प्लॅस्टिकचा सेट घेणार असाल तर खराट्याची एक हीर बरोबर न्या. कवटीच्या तळाच्या आतल्या बाजूने फोरॅमेन रोटंडम, ओव्हेल आणि स्पायनोसम या तिन्ही छिद्रांतून ती घालून बघा. स्वस्त साच्याच्या कवटीत स्पायनोसम बुजलेलं असू शकतं, आणि मिडल मेनिंजियल आर्टरी त्यातूनच आत जाते. हीर आरपार गेली तर घ्या.

हाड हातात घेतल्यावर नुसतं पुस्तकाशी जुळवत बसू नका. क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) घ्या, डोळे मिटा आणि ते उजवं की डावं हे बोटांनी ठरवा. चपटं टोक बाहेरचं, जाड चौकोनी टोक छातीकडचं. मधल्या भागात पन्हाळीसारखी खाच लागेल, ती सबक्लेव्हियस स्नायूची, ती बाजू खाली. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला हवा. झाली बाजू. आता डोळे उघडून रंगीत खडूने अटॅचमेंट, म्हणजे स्नायू चिकटायच्या जागा काढा: बाहेरच्या भागात पुढे डेल्टॉइड, मागे ट्रॅपेझियस, आतल्या भागात पुढे पेक्टोरॅलिस मेजर, वर स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. ओरिजिन लाल, इन्सर्शन निळं. मग पुस्तक उघडून चुका बघा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका. एका हाडाला वीस मिनिटं लागतात. ओस्टिओच्या (हाडांच्या) व्हायवात परीक्षक जे विचारतो त्याचा मोठा भाग या वीस मिनिटांत होऊन जातो. उरलेला भाग क्लिनिकल. आतला दोन तृतीयांश आणि बाहेरचा एक तृतीयांश जिथे मिळतात तिथेच हे हाड मोडतं, ती जागा बोटाने दाखवता आली पाहिजे.

एक सूचना इगतपुरी तालुक्यात घोटी-धामणगावच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी. तिकडच्या पावसात खऱ्या हाडांना बुरशी धरते. पाण्यात भिजवून धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा, ऊन मिळेल तेव्हा पसरून ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पांढऱ्या बोर्डाला कुणी साधन म्हणत नाही, पण बायोकेमिस्ट्री आणि फिजिओलॉजीसाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या न बघता लिहा. एटीपी कुठे खर्च झाला (पहिली आणि तिसरी पायरी), एनएडीएच कुठे तयार झाला (सहावी), एटीपी कुठे मिळाला (सातवी आणि दहावी) हे वेगळ्या रंगाने. उलट न फिरणाऱ्या तीन पायऱ्यांवर गोल करा: हेक्सोकायनेज, पीएफके-१, पायरुव्हेट कायनेज. आता त्याच बोर्डावर ग्लुकोनिओजेनेसिसमध्ये या तीन जागा कोणती चार एन्झाइम ओलांडतात ते लिहा. इथे हात थांबला तर विषय अजून झालेला नाही. आणि जमलं तर ‘स्नायू रक्तात ग्लुकोज का सोडू शकत नाही’ याचं उत्तर पाठ करावं लागत नाही, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज तिथे नाही हे समोर दिसतं.

फिजिओलॉजीत कार्डियाक सायकल याच पद्धतीने करा. एकाखाली एक पाच पट्ट्या: ईसीजी, एओर्टातला दाब, डाव्या व्हेंट्रिकलमधला दाब, त्याचं आकारमान, हृदयाचे आवाज. ठोके मिनिटाला ७५ धरले तर एक सायकल ०.८ सेकंदांची, त्यात व्हेंट्रिकलचं आकुंचन साधारण ०.३ आणि शिथिलता ०.५. वरून खाली एक उभी रेघ ओढा आणि त्या क्षणी कोणती झडप उघडी, कोणती बंद, ते मोठ्याने सांगा. शेजारी रूममेट असेल तर त्याला सांगा, चूक तो पकडेल.

ॲन्कीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते फुकट असलं तरी चुकीच्या वापराने सगळ्यात जास्त मुलं त्यातच बुडतात. विसरण्याच्या बेतात असताना तोच प्रश्न पुन्हा विचारणारं हे कार्डांचं सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर (तिथे नाव ॲन्कीड्रॉइड) मोफत आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. मिळत्याजुळत्या नावांची दुसऱ्यांची ॲप्सही आहेत, नाव नीट बघून उतरवा.

पहिली चूक: अमेरिकन परीक्षेसाठी बनलेले हजारो कार्डांचे तयार डेक उतरवणं. त्यात आपल्या व्हायवाला लागणारी हाडांची आणि रिलेशन्सची (कोणता भाग कशाच्या शेजारी) ॲनाटॉमी तुटपुंजी असते आणि फर्स्ट इयरला न लागणारं पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी भरपूर. कार्ड स्वतः बनवा. बनवतानाच निम्मा अभ्यास होतो.

दुसरी चूक: कार्डावर अख्खा एलएक्यू (दीर्घोत्तरी प्रश्न) टाकणं. ‘रेडियल नर्व्हचं वर्णन करा’ हे कार्ड रोज चुकणार, कारण उत्तर पानभर आहे. तेच फोडून असं करा: रूट व्हॅल्यू? सी-५ ते टी-१. कोणत्या कॉर्डची? पोस्टीरियर. ह्यूमरसच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये सोबत कोणती धमनी? प्रोफंडा ब्रेकाय. ह्यूमरस मधोमध मोडलं तर? रिस्ट ड्रॉप. आणि सगळ्यात मोलाचं कार्ड: तरीही कोपर सरळ का करता येतं? ट्रायसेप्सच्या लाँग आणि मीडियल हेडच्या शाखा ग्रूव्हच्या आधीच, काखेतच निघून गेलेल्या असतात म्हणून. हे पाचवं कार्ड नसेल तर आधीची चार कोरडी राहतात.

तिसरी चूक आकड्यांची. सुरुवातीलाच ठरून आलेल्या सेटिंगमध्ये रोज वीस नवी कार्डं असतात. तेवढी घेतली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशे कार्डांवर जाते. एका कार्डाला दहा सेकंद धरले तरी अर्धा तास. डिसेक्शन, प्रॅक्टिकल आणि जर्नल सांभाळून ते टिकत नाही. मग दोन दिवस चुकतात, ढीग साचतो आणि ॲप डिलीट होतं. रोज दहा-बारा नवी कार्डं पुरे. ढीग साचलाच तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि जुनी रोज शंभर-सव्वाशे या वेगाने आठवड्याभरात संपवा. इंटर्नलच्या आठवड्यातही नवी बंद, उजळणी चालू.

हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊती) आणि आकृत्यांसाठी ॲन्कीत चित्रावरचं नाव झाकून विचारायची सोय आहे, इमेज ऑक्लूजन. डिपार्टमेंटच्या स्लाइडचा फोटो काढायची परवानगी मिळत असेल तर तोच वापरा, कारण स्पॉटरला (समोर ठेवलेलं ओळखायच्या परीक्षेला) तीच स्लाइड येणार आहे. नसेल तर मिशिगन विद्यापीठाच्या व्हर्च्युअल स्लाइड मोफत बघता येतात. जर्नलसाठी गुलाबी आणि जांभळी पेन्सिल लागेल. केंद्रक हिमॅटॉक्सिलिनने निळंजांभळं होतं, बाकीचा भाग इओसिनने गुलाबी. पण रंगावरून स्लाइड ओळखायची सवय लावू नका. स्लाइड जुनी झाली की सगळं फिकट गुलाबीच दिसतं. प्रत्येक स्लाइडच्या दोन खुणा पाठ हव्यात. सबमँडिब्युलर असेल तर सीरस आणि म्युकस असिनाय दोन्ही आणि म्युकसच्या टोकाला सीरस चंद्रकोर. पॅरोटिड जवळजवळ सगळी सीरस.

थ्रीडी ॲपची बाजूही आहे, पण ती ठरावीक जागीच खरी ठरते. हातापायांच्या ॲनाटॉमीला त्याची गरज नाही. टेबलावर कॅडॅव्हर (मृतदेह) समोर असतो, स्नायू बाजूला करून बघता येतो. उपयोग होतो तो आत दडलेल्या, हाताला न लागणाऱ्या भागांसाठी: इंग्वायनल कॅनॉल, पेल्व्हिस आणि पेरिनियम, टेरिगोपॅलटाइन फॉसा, मेंदूचे व्हेंट्रिकल. म्हणून आत्ता वर्षभराचे पैसे भरू नका. त्या भागाचं डिसेक्शन सुरू होईल तेव्हा मोफत चाचणीचा काळ किंवा एका महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या. हॉलमध्ये जाण्याआधी दहा मिनिटं, आल्यावर दहा मिनिटं, एवढाच वापर.

ॲपमधलं शरीर आदर्श असतं. चरबी नाही, फॅसिया नाही, नर्व्ह पिवळी आणि धमनी लाल. हॉलमध्ये फॉर्मॅलिनमुळे सगळं एकाच राखाडी-तपकिरी रंगाचं, आणि धमनीच्या शाखाही प्रत्येक शरीरात सारख्या नसतात. केवळ ॲपवर शिकलेला विद्यार्थी स्पॉटरच्या टेबलापाशी नर्व्ह आणि टेंडनमध्ये गोंधळतो. नावांचाही घोळ होतो: ॲपमध्ये ‘कॉमन फिब्युलर नर्व्ह’ असेल, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती ‘कॉमन पेरोनियल’ म्हणून शिकवतात. दोन्ही एकच.

व्हिडिओंमध्ये खरा फायदा एम्ब्रियोलॉजीचा (गर्भाच्या वाढीचा). आतड्याची मिडगट लूप सहाव्या आठवड्यात नाळेत शिरते, दहाव्याच्या सुमारास परत येते आणि एकूण २७० अंश डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरते. आधी ९०, परतताना १८०. हे पुस्तकातल्या सपाट चित्रांवरून डोक्यात बसत नाही, तीन मिनिटांच्या ॲनिमेशनने बसतं. हृदयाची नळी दुमडणं, फॅरिंजियल आर्च हेही तसंच. यातलं बरंच फुकट मिळतं. पद्धत मात्र पक्की ठेवा: जास्तीत जास्त वीस मिनिटांचा भाग, मग स्क्रीन बंद, कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते काढा, राहिलेलं लाल पेनने, आणि तेवढ्यासाठीच व्हिडिओ पुन्हा. ब्रिटिश व्हिडिओत रक्तातली साखर मिलिमोलमध्ये सांगतात. १८ ने गुणलं की आपलं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येतं. ५ म्हणजे ९०.

काही वर्षांचं पॅकेज? माझं मत स्पष्ट आहे, फर्स्ट इयरला नको. ती व्याख्यानं मुख्यतः नीट-पीजीसाठी आखलेली असतात. तिथे सगळ्या विषयांचे मिळून २०० एमसीक्यू, इथे हाताने लिहायचे एलएक्यू. नीटच्या तयारीत दोन वर्षं क्लासवर काढली की कुणीतरी समोर शिकवत असल्याशिवाय अभ्यास झाल्यासारखं वाटत नाही, हे मला समजतं. पण कॉलेजमधलं लेक्चर आणि रात्री त्याच विषयाचं दीड तासाचं दुसरं लेक्चर असं चाललं तर आठवून लिहायला वेळच उरत नाही. खाजगी ट्युशनचंही तेच. आधी विभागातल्या ट्युटोरियलला, स्मॉल ग्रुपला बसा, वर्गाच्या मेंटॉरला भेटा. पहिल्या इंटर्नलला एखाद्या विषयात खरंच मागे पडलात तर तेवढ्या विषयापुरता विचार करा.

मराठी माध्यमाची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर पैसे खर्च करावे लागत नाहीत. एक छोटी वही करा, ग्रीक-लॅटिन मूळ शब्दांची. ब्रेकियल म्हणजे दंडाचं, कोस्टल बरगडीचं, हिपॅटिक यकृताचं, ‘सब’ म्हणजे खाली, ‘इन्फ्रा’ म्हणजेही खाली, ‘सुप्रा’ वर. शंभर-दीडशे मुळांत निम्मी ॲनाटॉमी उलगडते. समजून घेताना खुशाल मराठीत विचार करा, कार्डाच्या मागे ‘का’ मराठीत लिहा. पण उत्तर तोंडाने इंग्रजीत म्हणायचा सराव रोज दहा मिनिटं हवाच, फोनवर रेकॉर्ड करून. व्हायवात विद्यार्थी अडखळतो तो बहुधा विषय न आल्यामुळे नव्हे, पहिलं वाक्य तयार नसल्यामुळे. ‘रेडियल नर्व्ह इज अ ब्रांच ऑफ पोस्टीरियर कॉर्ड’ एवढं सुरू झालं की पुढचं येतं. नाशिकरोडहून सिटीलिंकने ये-जा असेल तर ही रेकॉर्डिंगं बसमध्ये ऐकायला बरी.

एआय चॅटबॉटला परीक्षक म्हणून वापरा, पुस्तक म्हणून नको. आपले नोट्स त्यात टाका, एका वेळी एकच प्रश्न विचारायला सांगा, उत्तर तुम्ही लिहा. धमन्यांच्या शाखा, नर्व्हचे रूट व्हॅल्यू, एन्झाइमची नावं तो आत्मविश्वासाने चुकीची सांगू शकतो. असं प्रत्येक उत्तर मुख्य पुस्तकात बघितल्याशिवाय कार्डावर चढवायचं नाही.

स्टेथोस्कोप आणि बीपीचं यंत्र फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला लागतं, पण बीपीचं यंत्र विभागात असतं. स्टेथोस्कोप साधा, दोन्ही बाजूंचा, कानात नीट बसणारा घ्या. महागडा वॉर्डात जायला लागल्यावर. बीपीच्या पट्ट्यातली (कफ) हवा सेकंदाला पाऱ्याच्या २-३ मिलिमीटर या वेगाने सोडायचा हात बसेपर्यंत भारी स्टेथोस्कोपनेही आवाज नीट सापडणार नाही.

टॅब्लेट राहिला. तो घेऊच नका असं नाही, पण सहा महिन्यांनी, आणि पेनसकट. पीडीएफवर रंगीत रेघा मारणं हा त्याचा सर्वाधिक वापर होतो, आणि लक्षात ठेवण्यासाठी सगळ्यात कमी उपयोगाचं काम तेच. परीक्षेत आकृती कागदावर, पेन्सिलीने, तीन-चार मिनिटांत काढायची आहे. तो सराव काचेवर होत नाही. सीनियरच्या नोट्सच्या झेरॉक्स घेणार असाल तर त्यांचा एकच उपयोग करा: कोणत्या मुद्द्यावर आकृती काढली आहे ते बघा आणि ती आकृती पुस्तकातून स्वतः काढा. नोट्समधली चूक पिढ्यान्‌पिढ्या तशीच कॉपी होत येते.

वीस हजारांचा हिशेब असा बसतो. बोन सेटचा वाटा, बोर्ड आणि पेनं, पेन्सिली, रंगीत खडू, यादीची छपाई, साधा स्टेथोस्कोप, आणि पुस्तकपेढीतून न मिळालेलं पुस्तक. यातून जे उरेल ते पहिल्या इंटर्नलच्या निकालापर्यंत हात न लावता ठेवा. निकाल आल्यावर उत्तरपत्रिका मागून घ्या आणि मार्क कुठे गेले ते तीन रकान्यांत मांडा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण लिहायला वेळ पुरला नाही. पहिला रकाना मोठा असेल तर पुस्तक आणि निवडक व्हिडिओ, दुसरा असेल तर ॲन्की आणि बोर्ड, तिसरा असेल तर घड्याळ लावून जुने पेपर. या तिसऱ्याला पैसा लागत नाही, रविवारची तीन तासांची बैठक लागते.